सतरा म्हणजे केव्हा?

घरात तिला मधली म्हणत. वर एक भाऊ, खाली एक भाऊ आणि मध्ये ही, म्हणून मधली. ठेवणाऱ्यांनी नाव तेवढंच बघून ठेवलं होतं, पण हिनं ते असं काही मनावर घेतलं की विचारू नका. दुकानात गेली की फार महाग नको, फार स्वस्त नको, मधलं दाखवा. दोन भाऊ भांडले की दोघांचंही थोडं थोडं बरोबर. आणि अशी ही बाई मोठी होऊन नोकरीला कुठे लागावी? तर हवामान कार्यालयात, शहराचं उद्याचं तापमान सांगायला!

तिथे मात्र तिच्या स्वभावाचं सोनं झालं. संगणकाचा एक तक्ता म्हणाला वीस, दुसरा म्हणाला चोवीस, की मधली लिहिणार बावीस. कार्यालयाच्या भिंतीवर एक फळा होता. आदल्या दिवशी कोण किती अंशांनी चुकलं ते रोज सकाळी त्यावर खडूनं मांडलं जाई. मधलीच्या नावापुढे एक, दीड, एक, दोन. कधी सहा नाही, आणि कधी शून्यही नाही. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारे मिशीवाले आज शून्य तर उद्या नऊ. वर्षाच्या शेवटी सगळ्यांत कमी चुकणाऱ्याला एक फिरता चषक मिळत असे, आणि तो मधलीच्या टेबलावर आल्यापासून फिरायचाच थांबला होता. त्यात ती पेन ठेवायची.

"मधलीबाई, तुम्ही कधी चुकत नाही हो," मिशीवाले म्हणायचे, "पण तुमचं बरोबर आलेलंही मी अजून पाहिलं नाही." घरचं नाव त्यांना कसं कळलं म्हणाल, तर तिच्या वडिलांनी एकदा फोन करून "मधली आहे का?" असं सरळ विचारलं होतं. त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती मधलीबाई.

तर झालं असं, की थंडीच्या तोंडावर एका दुपारी दोन तक्त्यांचं चांगलंच वाजलं. पश्चिमेकडून थंड हवेची आघाडी येणार यावर दोघांचं एकमत. थंड हवा जड, ती जमिनीलगत पाचर घातल्यासारखी उबदार हवेखाली घुसते आणि तिला वर ढकलते. आघाडी पोचेपर्यंत छान उबदार, गेली की तासाभरात स्वेटर शोधायची पाळी. पण ती पोचणार कधी? एक तक्ता म्हणत होता पहाटे, म्हणजे दिवसभर अकराच्या वर पारा जाणार नाही. दुसरा म्हणत होता संध्याकाळी, म्हणजे दुपारी चोवीस. मधलीनं दोन्हींकडे प्रेमानं पाहिलं, बेरीज केली, दोननं भागलं, उरलेला अर्धा सोडून दिला आणि लिहिलं, उद्याचं कमाल तापमान सतरा.

संध्याकाळी रेडिओनं ते सतरा गावभर केलं. आणि गावात एक घर असं होतं जिथे ते ऐकून एका माणसाचा चेहरा पडला. ते घर मधलीचंच, आणि तो माणूस तिचा बाप.

बाबा म्हणजे उभ्या शहराचे पंच. तीस-पस्तीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी घेऊन पळलेले. त्यांची शिट्टी एकदा वाजली की वाजली. मागून कितीही आरडाओरडा होवो, निर्णय फिरला नाही. गेल्या थंडीत छातीनं दगा दिला आणि ते दवाखान्यातून परत आले ते थेट तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाहेर हवा अठरा अंशांच्या वर असेल तरच बाहेर पडायचं. पंचांनी ते अठरा रेषेसारखं मानलं. रेषेच्या आत चेंडू म्हणजे आत, बाहेर म्हणजे बाहेर.

त्यांचा एक मित्र होता, घड्याळकाका. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचले नाहीत. दोघं बागेतल्या दगडी बाकावर रोज बुद्धिबळ खेळायचे. बाबा खिडकीत बसल्यापासून पंचाईत झाली. बाबांना खाली उतरवत नव्हतं, आणि घड्याळकाकांचे गुडघे एक मजलाही चढू देत नव्हते. बरं, इमारतीला लिफ्ट नाही. यातली गंमत अशी की मधलीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. शहरातल्या निम्म्या लिफ्टा त्याच्या जिवावर वर-खाली होत, आणि दवाखान्यात न्यायचं झालं की स्वतःच्या सासऱ्याला मात्र तो जिन्यावरून उचलून न्यायचा.

मग काकांनी तोड काढली. खाली रस्त्यावर उभं राहायचं आणि वर खिडकीकडे बघून चाल ओरडायची. "उंट तिसऱ्या घरात!" वरून पंच ओरडायचे, "तो मेला, दुसरं काहीतरी सांग!" महिन्याभरात सगळ्या गल्लीला डाव तोंडपाठ झाला. समोरचा बेकरीवाला पाव काढता काढता ओरडायचा, "काका, घोडा सांभाळा!" म्हणजे खेळत दोघंच होते, पण हरताना अख्खी गल्ली हळहळायची.

आणि आता घड्याळकाका निघाले होते. कायमचे, पूर्वेकडच्या लांबच्या शहरात, लेकीकडे. उद्या दुपारी सामानाचा ट्रक, त्यातच पुढे बसून काका. घरातल्या खुर्च्यासुद्धा बांधून झाल्या होत्या. त्या आधी एकदा, एकदाच, बागेतल्या बाकावर समोरासमोर बसून डाव टाकायचा असं दोघांनी ठरवलं होतं. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. त्यासाठी बाबा गेले आठ दिवस मुलं परीक्षेची करतात तशी तयारी करत होते. बूट पॉलिश करून दाराशी ठेवले होते.

मधली घरी आली तेव्हा ते बूट कपाटात परत गेलेले तिनं पाहिले.

"या मॅडम," बाबा म्हणाले. त्यांचा स्वर गोड होता, म्हणजे धोका होता. "तुमच्या खात्यानं एका अंशानं बाद केलं आम्हाला."

"बाबा, अहो, तो अंदाज आहे."

"हो ना. आता एक सांग, उद्या सतरा म्हणजे केव्हा सतरा?"

मधलीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. जितका वेळ लावता येईल तितका लावला. मग खाली ठेवला.

"तसं... सतरा असं कधीच नसणार. एकतर चोवीस असेल, नाहीतर अकरा. मध्ये घसरताना दहा मिनिटं सतरा असेल, बस."

पंचांनी चष्मा काढला. नवरा हातातला घास तसाच धरून बसला, कारण बाबांनी चष्मा काढला की पूर्वी खेळाडू मैदानाबाहेर जायचे.

"म्हणजे जी हवा कुणाच्या वाट्याला येणारच नाही, तिचा आकडा तू साऱ्या गावाला दिलास?"

"त्यानं चूक कमी होते! चोवीस म्हटलं आणि अकरा निघाले तर तेरानं चुकते. सतरा म्हटलं तर काहीही झालं तरी सहा-सात."

"वा! दोन संघ मैदानात, गोल झाला की नाही झाला यावर रणकंदन, आणि आमच्या मधलीबाई म्हणणार, अर्धा गोल."

नवऱ्याला ठसका लागला. मधलीनं त्याच्याकडे असं पाहिलं की ठसका आपोआप थांबला. "मला हसू नको," ती म्हणाली. "तुम्ही दोघंही हसू नका. मी उद्या म्हणाले, जा, ऊन आहे, आणि तुम्ही त्या बाकावर बसलेले असताना आघाडी आली तर? गेल्या वर्षी दवाखान्यात रोज तुमच्या छातीचा तो आवाज ऐकत कोण बसलं होतं? मला भीती वाटते, बाबा. झालं? ऐकायचं होतं ना?"

बाबांनी चष्मा परत घातला.

"मलाही वाटायची," ते म्हणाले. "दर शिट्टीला. पण शिट्टी तोंडात धरून नुसतं पळत राहिलं तर त्याला काय पंच म्हणतात? नक्की काय ते मी मागतच नाहीये, अगं. आधी की नंतर, एवढं सांग. चुकलीस तर मी बघून घेईन. त्याचा ट्रक मात्र उद्याच आहे."

सकाळी मधली रोजच्यापेक्षा बरीच लवकर कार्यालयात पोचली. मिशीवाले रात्रपाळी संपवून चहा पीत होते. बाहेर दक्षिणेचा उबदार वारा होता. म्हणजे पहाटेवाला तक्ता तोंडघशी पडला होता. पण म्हणून संध्याकाळवाला खरा ठरतो असं कुठे लिहिलंय?

तिनं तक्ते बाजूला सारले आणि फोन उचलला. पश्चिमेला डोंगरापलीकडे एक छोटं केंद्र होतं. तिथल्या निरीक्षकबाईंचा नि तिचा फोनवरचाच स्नेह.

"वारा फिरला का हो तुमच्याकडे?"

"अगं बाई, आत्ताच! अर्धा तास झाला. मी गच्चीवर पारा बघायला गेले ती स्वेटर न घालता, आणि खाली आले ती दात वाजवत. दहा अंशांनी घसरला, पुसू नकोस. इथून निघाली तुमची पाहुणी."

मधलीनं त्यांच्याही पलीकडच्या केंद्राला विचारलं, तिथून आघाडी कधी गेली ते घेतलं, अंतर मांडलं, वेग काढला. भागाकार तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर आलं, दुपारी एक. तिचा हात सवयीनं संध्याकाळवाल्या तक्त्याकडे गेला. त्यात तर लिहिलं होतं सहा. एक आणि सहाच्या मध्ये...

"साडेतीन," मिशीवाले चहाच्या कपातून म्हणाले. "मी सांगू का? तुम्ही आता साडेतीन लिहिणार."

मधलीनं हात मागे घेतला. कान लाल झाले होते. तिनं घरचा नंबर फिरवला आणि नवऱ्यानं उचलताच एका दमात म्हणाली, "एकला येणार. बाबांना आत्ता खाली उतरव. साडेबाराला घरात, डाव कुठेही असो. आणि मफलर घे."

"अगं पण नक्की..."

"एकला म्हणाले ना!"

फोनपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग कपाटाचं दार. बूट निघाले होते.

त्यानंतर तिनं जे केलं ते पाहून मिशीवाल्यांनी कप खाली ठेवला. तिनं सतरा खोडलं. तिथे लिहिलं, दुपारी एकपर्यंत चोवीस, त्यानंतर झपाट्यानं घसरून अकरा. आणि रेडिओकडे पाठवून दिलं.

"एका झटक्यात सात अंश वर?" मिशीवाले म्हणाले. "बाई, बरं आहे ना? कपाळ बघू."

"तुमची पाळी संपलीय. घरी जा."

"छे! आज घरी कोण जातंय. आज तर खरी मजा." आणि त्यांनी खुर्ची ओढून खिडकीशी नेली.

इकडे बाबांना खुर्चीत बसवून नवरा आणि बेकरीवाला जिना उतरले. नवऱ्याचं म्हणणं असं, की आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केल्या, शेवटी स्वतःच लिफ्ट झालो. बागेत पोचतात तो काय, घड्याळकाका आधीच येऊन बसलेले! जन्मात पहिल्यांदा हा माणूस वेळेआधी आला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस तीन मजल्यांच्या अंतरावरून पाहिलेले चेहरे. "अरे, तू तर म्हातारा झालास," काका म्हणाले. "वरून तुझं टक्कलच दिसायचं," पंच म्हणाले, आणि सोंगट्या मांडायला घेतल्या.

साडेबाराला नवऱ्याचा फोन आला. "आणले वर. डाव अर्धाच राहिला. काका ट्रकाकडे गेले. बाबांनी हूं की चूं केलं नाही. तू म्हणालीस साडेबारा, तर साडेबाराला घरात."

मधलीच्या जिवात जीव आला. आता फक्त एक वाजायचा होता.

एक वाजला. बाहेर लख्ख ऊन. पारा चोवीस.

सव्वाला फोन वाजला. "मॅडम," बाबा म्हणाले, "खिडकीत बसलोय. छान ऊन आहे. बेकरीवाला बाह्या वर करून उभा आहे." फोन बंद.

दीडला परत. "मॅडम, समोरच्या गच्चीवर एक मांजर पोट वर करून झोपलंय. म्हटलं, खात्याला कळवावं."

मिशीवाले खिडकीशी बसून मोठ्यानं श्वास घेत होते. "काय हवा आहे! काय हवा आहे! बाई, पेन काढून ठेवा हो त्या चषकातलं. फिरायची वेळ आली त्याची."

दोन वाजले तेव्हा मधलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिला चषकाचं काही नव्हतं. गेला तर गेला. तिच्या डोळ्यांपुढे तो दगडी बाक होता आणि त्यावरचा अर्धा डाव. अजून दीड तास बसले असते दोघं. पुन्हा कधी बसणार होते? मी साडेतीन म्हणाले असते तर डाव पुरा झाला असता. वर्षानुवर्षं मधलं सांगून कुणाचं काही बिघडलं नाही, आणि एकदा छातीठोक बोलले तर बापाचा शेवटचा डाव मोडला. तिला रडूच यायचं बाकी होतं.

मग खिडकीची झडप दाणकन आपटली.

मिशीवाल्यांच्या मिशा उडाल्या. गच्चीवरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट दक्षिणेकडून असा गर्रकन पश्चिमेला फिरला की कर्र आवाज खाली ऐकू आला. बावीस. एकोणीस. सतरा. मधलीनं ते सतरा डोळे भरून पाहिलं. जेमतेम दहा मिनिटं होतं ते, मग गेलं. सोळा. चौदा. खाली रस्त्यावर माणसं शर्टाच्या कॉलरी वर करून पळायला लागली. वर्षातली पहिली थंडी आली होती, सांगितलेल्या वेळेच्या सव्वा तास उशिरा.

"डोंगरानं अडवून धरली असणार," मिशीवाले खिडकी लावत म्हणाले. मग त्यांनी पुढाकार घेऊन फळ्यापाशी जाऊन मधलीच्या नावापुढे उद्याचा आकडा आजच लिहिला. कमाल तापमान चोवीस सांगितलेलं, चोवीस झालेलं. शून्य. "बाई, अभिनंदन," ते म्हणाले. यावेळी त्यात चेष्टा नव्हती. पण मधलीला त्या शून्याचं सुख झालं नाही.

घरी आली तेव्हा बाबा मफलर गुंडाळून खिडकीतच होते. खिडकी बंद होती. बूट दाराशीच होते, बागेतली माती लागलेले.

"सव्वा तासानं चुकले, बाबा," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "डाव पुरा झाला असता तुमचा."

"झाला असता ना. दोन चालींत मात होती."

"तुम्ही जिंकत होतात?"

"मी? छे. मी हरत होतो. पार धुव्वा उडाला होता. त्याचा वजीर माझ्या उरावर येऊन बसलेला." बाबा हसले. मग हसू थांबलं, आणि ते जरा वेळ मफलरची टोकं सारखी करत राहिले. "त्यानं चाल करायला हात उचलला, आणि जावई म्हणाले, वेळ झाली. त्यानं हात तसाच खाली ठेवला. घाईच नव्हती त्याला. अगं, डाव संपला असता तर आम्ही उठलो असतो, आणि मग काय बोललो असतो? दोन म्हातारे, बागेत, रडत? शोभतं का? आता डाव चालू आहे. चाल त्याची आहे. फोन त्यालाच करावा लागणार."

मधली त्यांच्याशेजारी खिडकीत बसली.

फोन दुसऱ्या दिवशी आला, सकाळी, चहाच्या वेळी. बाबांनी तो कानाला न लावता मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला. घड्याळकाका एवढ्या मोठ्यानं बोलत होते, जणू अजून खालीच उभे आहेत.

"पंच! पोचलो! काय ऊन आहे इकडे! लेक म्हणते, चला, तलावावर फिरायला जाऊ. मी म्हटलं, थांब, आधी तिकडे विचारतो. तुझ्या मुलीनं आपला डाव मोडलाय, निदान एवढं तरी सांगावं. ती थंडी इकडे कधी पोचायची?"

बाबांनी चहाचा कप तोंडाशी नेला आणि तो तिथेच धरून मधलीकडे पाहिलं. नवऱ्यानंही पाहिलं. तिनं सकाळीच तिकडच्या केंद्रांचे आकडे बघितले होते. आणि हो, त्या दोन तक्त्यांचं आजही जमत नव्हतं.

"चारला," मधली म्हणाली. "आणि काका, तीनला घरात. तलाव कितीही छान असला तरी."

पलीकडे काकांनी लेकीला हाक मारून सांगितलेलं इकडे ऐकू आलं, "तीनला परत यायचंय, सांगून ठेवतो!"

"ऐकलंस ना?" पंच फोनकडे वाकून म्हणाले, आणि त्यांचा आवाज मैदानावरचा होता. "निर्णय झाला. आता चाल सांग."